विहीणबाईंची दोन बोटं

तराझ शहराच्या मोजणी कचेरीत केंजेबेकने अख्खी नोकरी काढली. कुणाचं कुंपण कुणाच्या हद्दीत घुसलंय हे त्याने टेप टाकून सांगितलं की त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे. एकदा एका म्हाताऱ्याने त्याच्यावर कुऱ्हाड उगारली होती, तेव्हासुद्धा त्याने आधी आकडा लिहून घेतला आणि मग पळाला. अशा माणसाला बायकोच्या एका वाक्याने ऐन नोव्हेंबरात घाम फुटला.

वाक्य असं होतं, "विहीणबाईंच्या बोटांचं माप तुम्ही आणायचं."

मुलीकडच्यांनी मुलाच्या आईला लग्नात अंगठी घालायची, ही रीत काही केंजेबेकने काढलेली नव्हती. आणि ती अंगठीही साधीसुधी नाही. वर चांदीचं एकच रुंद पान, खाली दोन वेढे, आणि दोन बोटांत ती एकदम घालायची. दोन घरं एका चांदीखाली आली, आता आमच्या लेकीला सांभाळा, असं तोंडाने न बोलता सांगायचं. लेक आपण द्यायची, चांदी आपण द्यायची आणि वर घाबरायचंही आपणच, असा तो सगळा प्रकार आहे.

घाबरण्याचं कारण विहीणबाई स्वतःच होत्या. त्यांचं नाव कुलपाश. तराझपासून तासाभरावरच्या गावात राहायच्या. नवरा फार लवकर गेला. दूध संकलन केंद्राच्या काट्यावर उभं राहून त्यांनी एकुलत्या एका मुलाला, दाउरेनला, इंजिनीयर केलं. पाणी घातलेलं दूध त्या म्हणे कॅनचं झाकण उघडायच्या आधीच ओळखायच्या. बोलायच्या काही नाहीत, आणणाऱ्याकडे नुसतं बघायच्या. मुलगी पाहायला आल्या तेव्हा चहाच्या तीन फेऱ्या झाल्या, तळलेल्या बाउरसाकचं ताट रिकामं झालं, आणि निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "मुलगी बारीक आहे." या वाक्याचा अर्थ काय लावायचा यावर केंजेबेकच्या घरात अजून एकमत झालं नव्हतं. लेकीने, आइनाशने, मात्र त्या दिवसापासून जेवणात लोणी वाढवलं होतं.

"तूच का नाही माप घेत?" केंजेबेकने बायकोला, राबिगाला, विचारून पाहिलं. "बायकाबायकांत चालून जाईल."

"घेतलं असतं की. माझी अंगठी काढून म्हटलं, बघा हो घालून, तुमच्या हातावर कशी दिसते. तर म्हणाल्या, मी दुसऱ्याची वस्तू बोटात घालत नाही. आता पुन्हा त्यांच्या हाताकडे मी नुसतं पाहिलं तरी ओळखतील. तुम्ही जगाच्या जमिनी मोजल्यात ना? मग दोन बोटं मोजा."

सरळ विचारायची तर सोयच नव्हती. "वेडा की काय तू?" शेजारचा तोख्तार म्हणाला. हा तोख्तार बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून साऱ्या इमारतीला फुकट सल्ला द्यायचा. "भेट देताना माप विचारणं म्हणजे पाहुण्याला किती खाणार असं विचारणं. त्यापेक्षा देऊच नकोस."

समोरच्या दारातल्या शारबानबाईंनी त्याच्याही वर कडी केली. त्यांच्या भाचीच्या लग्नात अंगठी विहिणीच्या पेरापाशी अडकली. खाली जाईना. "आज इतकी वर्षं झाली," शारबानबाई चहा फुंकत म्हणाल्या, "ती बाई अंगठी काचेच्या कपाटात ठेवते आणि आल्यागेल्याला दाखवते. म्हणते, आमच्या सुनेच्या माहेरच्यांना वाटलं आम्हाला बोटंच नाहीत. भाची बिचारी मान खाली घालून चहा ओतते. आणि बरं का, सैल झाली तर त्याहून वाईट. म्हणतात, अंगठी घसरली की सून घसरते."

असं खरंच कुणी म्हणतं की बाईंनी तिथल्या तिथे रचलं, हे विचारायचं भान केंजेबेकला राहिलं नाही. त्याला एकदम आपली आइनाश दिसायला लागली, मान खाली घालून परक्या घरात चहा ओतताना.

मग त्याने जे आजवर प्रत्येक कामात केलं तेच केलं. म्हणजे आधी अभ्यास केला. घरच्या घरी बोटाचं माप कसं घ्यावं हे मोबाइलवर कुणीतरी सविस्तर लिहिलं होतं. कागदाची पट्टी घ्यावी, बोटाभोवती गुंडाळावी, खूण करावी. केंजेबेकने पट्टी कापून स्वतःच्या बोटावर प्रयोग केला. सकाळी एक माप आलं, जेवणानंतर दुसरं, बाल्कनीत थंडीत उभा राहून आला तर तिसरंच. एकाच प्लॉटची तीन क्षेत्रफळं त्याच्या उभ्या नोकरीत आली नव्हती. तो चष्मा लावून पुढची ओळ वाचणार, तेवढ्यात तोख्तार आत आला आणि म्हणाला, "कागद वाजतो. झोपलेल्या माणसाला कागद चालत नाही. दोरा घे."

"झोपलेल्या?"

"मग जाग्या कुलपाशचं बोट तू धरणार आहेस?"

हा प्रश्न बिनतोड होता. मोबाइलवरची शेवटची ओळ वाचायची राहिली ती राहिलीच. राबिगाच्या डब्यातून उंटाच्या लोकरीचा तपकिरी दोरा निघाला. कमी पडू नये म्हणून त्याने तो चांगला हातभर लांब कापला. दुपारी राबिगा आडवी झाल्यावर तालीमही झाली. मधल्या बोटाला एक फास, गाठ, शेजारच्या बोटाला दुसरा फास, गाठ, आणि दोन्ही अलगद ओढून काढायचे. दुसऱ्या गाठीला राबिगा डोळे मिटूनच म्हणाली, "गुदगुल्या होतायत."

हिवाळ्याच्या बेगमीचा घोडा कापला की व्याह्यांना जेवायला बोलवायचंच. कुलपाशबाईंचं बोलावणं आलं. जेवण असं झालं की केंजेबेकला पट्टा सोडावा लागला. घोड्याच्या मांसाची खारवलेली कझी, बरगड्यांचं मांस, त्यावर तितकाच खारट रस्सा, त्यावर चहा, चहावर चहा. बाईंनी त्याच्या पुढ्यात स्वतःच्या हाताने मांस कापून ठेवलं. त्या वेळी त्याने त्यांची बोटं पहिल्यांदा नीट पाहिली. जाड, लालसर, सुरीवर घट्ट बसलेली. त्या सुरीकडेही त्याने पाहिलं आणि त्याची भूक मेली.

जेवणं झाल्यावर दाउरेन सगळ्यांना शेजारचं नवं शिंगरू दाखवायला घेऊन गेला. जाताना राबिगाने नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर 'आत्ता नाही तर कधीच नाही' अशी होती. केंजेबेक गुडघा दुखतो म्हणून मागे राहिला. चुलीच्या उबेला, रचलेल्या गोधड्यांना टेकून कुलपाशबाईंना डुलकी लागली होती. उजवा हात गालिच्यावर उताणा पडला होता.

तो गुडघ्यांवर सरकत गेला. बाहेर कुत्रं भुंकलं, तो थांबला. बाईंनी मोठा श्वास घेतला, तो परत मागे सरकला. विहिणीच्या घरात, तिच्या झोपेत, तिचा हात धरून बसलेला सापडलो तर आपण काय सांगणार, हा प्रश्न त्याच्या मनात आला. तरी पहिला फास बसला. गाठ. दुसरा फास बसला. गाठ मारताना बाई झोपेत काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांची बोटं मिटली. केंजेबेकचं बोट आत. एवढ्या थंडीत त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब ओघळला. त्याने मनातल्या मनात कुराणातल्या येतील तेवढ्या आयती म्हटल्या. अखेर मूठ सैल झाली. त्याने दोरा ओढून काढला आणि खिशात कोंबला, तोच दारात बुटांचे आवाज आले. सगळे आत येईपर्यंत तो आपल्या जागी बसून गुडघा चोळत होता.

गाडीत राबिगाने विचारलं, "झालं?"

"झालं," केंजेबेक छाती काढून म्हणाला. "काम म्हणजे काम."

घरी येऊन त्याने खिशात हात घातला. खिशात कुर्तचा, म्हणजे सुकवलेल्या दह्याचा, एक खारट खडा होता, रुमाल होता, किल्ल्या होत्या. दोरा नव्हता. दुसरा खिसा पाहिला, कोटाचं अस्तर पाहिलं, गाडीतल्या सीटखाली डोकं घातलं. मग त्याला आठवलं की सगळे आत आल्यावर आपण रुमाल काढून कपाळ पुसलं होतं.

माप गेलं याचं दुःख त्याला फार वेळ झालं नाही. माप पुन्हा घेता येईल असं त्याला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी आइनाश फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आली ती रडतच.

"दाउरेन म्हणतोय, लग्न पुढे ढकलायचं. आईला गालिच्यावर दोरा सापडलाय. गाठी मारलेला. दोन फास, एकमेकांना बांधलेले. त्यांनी अन्न सोडलंय. घरभर अद्रासपानच्या पाल्याची धुरी करतायत. म्हणतायत, कुणीतरी करणी केली."

केंजेबेक हातातल्या पावाकडे बघत राहिला. गाठी मारून फुंकर घालणाऱ्यांपासून वाचव, अशी दुवा तर तो स्वतः लहानपणापासून मागत आला होता. दोन फास, दोन गाठी, आणि तेही बाईंच्या गालिच्यावर. इतकी व्यवस्थित करणी करणी करणाऱ्यालाही जमली नसती.

"कुणावर संशय आहे त्यांचा?" राबिगाने हळूच विचारलं.

"नाव नाही घेतलं. पण काल पाहुणे आपणच होतो ना, आई."

आइनाश आत गेल्यावर राबिगा नवऱ्याकडे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "काम म्हणजे काम."

तोख्तारचा सल्ला होता की कानावर हात ठेवायचे. "दोऱ्यावर काय तुझं नाव लिहिलंय?" शारबानबाई म्हणाल्या की उंदीर आणतात दोरे, हवं तर मी फोन करून सांगते उंदराचं. केंजेबेकने दोघांचं ऐकून घेतलं. करणीचा वहीम घेऊन मुलगी त्या घरात गेली तर पुढे गाय आटली तरी तिच्यामुळे, दूध उतू गेलं तरी तिच्यामुळे. आणि खरं सांगावं तर, 'बाई, तुम्ही झोपेत असताना मी तुमचा हात धरला होता.' या वाक्याला पुढे काय जोडलं म्हणजे ते सभ्य होईल, हे त्याला सुचेना.

तरी तो गेला. एकटाच गेला. वाटेत त्याने गाडी दोनदा वळवली आणि दोनदा परत सरळ केली.

कुलपाशबाईंच्या फाटकाच्या खांबावर काचेची बरणी होती. बरणीत मीठ, आणि मिठात तो दोरा. घरात ठेवायला नको म्हणून बाहेर, आणि जाळला तर करणी उलटेल म्हणून शाबूत. बाई ओट्यावर उभ्या होत्या.

"मौलवींना बोलावलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही कशाला आलात, व्याहीबुवा?"

"तो दोरा माझा आहे," केंजेबेक म्हणाला. वाटेत जुळवलेली सगळी प्रस्तावना फाटकातच विसरली होती.

बाईंनी ओट्याचा खांब धरला. पडू नये म्हणून धरावा तसा दोन्ही हातांनी धरला, आणि ते पाहून केंजेबेकच चरकला. ही बाई कशाला घाबरते, असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"म्हणजे खरंच तुम्ही बांधलंत," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. शहरातली शिकलेली मुलगी. माझा दाउरेन तसाही तिच्यापुढे पाणी भरतो. तिने नुसतं म्हटलं असतं तरी गेला असता तो तिच्यामागे. मला एकटीला टाकून गेला असता. त्याला बांधायची काय गरज होती? मला एकच मुलगा आहे हो."

"कुणाला बांधलं नाही, बाई. ते माप आहे."

"कसलं माप?"

"तुमच्या बोटांचं."

"माझ्या बोटांचं माप तुमच्याकडे कसं आलं?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. जमिनीकडे बघत त्याने सांगितलं. रीत सांगितली, शारबानबाईंची भाची सांगितली, तोख्तारचा सल्ला सांगितला, गुडघा दुखत नव्हता हेही सांगितलं. मधे श्वास घ्यायला थांबला नाही, कारण थांबला तर बाई काहीतरी बोलतील अशी भीती होती.

"खोटं," बाई शेवटी म्हणाल्या. "सापडल्यावर सगळे असंच सांगतात."

"घालून बघा. तुमच्याच बोटांत बसेल."

"मी हात लावणार नाही त्याला."

तेव्हा केंजेबेकने बरणी उघडली, मीठ झटकलं आणि दोन्ही फास आधी स्वतःच्या बोटांत घातले. त्याच्या कारकुनी बोटांवर ते लोंबले. "बघा, मला काही झालं नाही," तो म्हणाला, आणि ते म्हणताना आपल्याला खरंच काही होत नाहीये ना, हे त्याने एकदा तपासून घेतलं. बाईंनी फार वेळ त्याच्याकडे पाहिलं, कॅन आणणाऱ्याकडे पाहायच्या तसंच. मग डोळे मिटून हात पुढे केला.

त्याने फास चढवले. फास चढले, पेरावरून उतरले, आणि तिथे सैल फिरायला लागले.

बाईंनी डोळे उघडले. "हे माझं माप नाही."

केंजेबेकच्या पायाखालची जमीन सरकली. त्याने दोरा फिरवून पाहिला, गाठी पाहिल्या, हात बदललाय की काय तेही पाहिलं. हात तोच होता. आता मौलवी येणार, गाव जमणार, आणि आपण विहिणीचा हात धरून तिच्या बोटांत करणीचा दोरा घालताना सापडणार, हे चित्र त्याला स्पष्ट दिसलं.

कुलपाशबाई मात्र स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या. त्यांनी फास एकदा फिरवला, परत फिरवला. "त्या दिवशी," त्या सावकाश म्हणाल्या, "मी किती कझी खाल्ली होती?"

"पुष्कळ," केंजेबेक म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

"खारं मांस खाल्लं की माझे हात पावासारखे फुगतात. डॉक्टर ओरडतात दरवर्षी. आणि त्यानंतर तर मी अन्नाला शिवलेच नाही, तुमच्या कृपेने." त्यांनी मान वर केली. "तुम्ही मोजणीखात्यातले ना, व्याहीबुवा? पूर आलेला असताना नदीची रुंदी मोजता का?"

आणि बाई हसल्या. आवाज न करता, खांद्यांनी हसल्या. हसता हसता डोळे पुसले आणि ओट्यावर बसल्या. केंजेबेकही खालच्या पायरीवर बसला. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं.

"विचारायचं होतं की मला," त्या म्हणाल्या. "हात पुढे केला असता."

"भीती वाटली."

"माझी?" बाईंनी यावर जरा विचार केला. "मी तर तुम्हा लोकांनाच घाबरत होते. तुमच्या घरी भिंतभर पुस्तकं. मला तिथे काय बोलावं तेच सुचलं नाही. मुलगी नाजूक दिसली, माझ्या घरातली कामं तिला झेपतील का, अशी काळजी वाटली. तेवढं कसंबसं बोलले."

केंजेबेकने उत्साहाने खिशातून पेन काढलं. "मग आता खरं माप घेऊनच टाकतो."

बाईंनी हात मागे घेतला. "आता नाही. मी काही ऐकलेलं नाही, तुम्ही काही बोललेला नाहीत. सांगून घेतली तर ती भेट कसली? तुमच्याकडे माप आहे ना? त्यावर करा. तुम्ही मोजलंय ते तुम्ही निभावा." त्यांनी फासांची लांबी त्याला टिपून घेऊ दिली. दोरा मात्र परत दिला नाही.

मौलवी आले तेव्हा कुलपाशबाईंनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, उंदीर होता.

लग्न ठरल्या दिवशी झालं. अंगठी सुरेख झाली होती, पण केंजेबेकला ती बघवत नव्हती. मोबाइलवरची ती शेवटची ओळ त्याने आता वाचली होती. खारट खाल्ल्यावर माप घेऊ नये. राबिगाला त्याने काहीच सांगितलं नव्हतं, कारण दोन बायकांना एकाच वेळी घाबरण्याची त्याची ताकद उरली नव्हती. राबिगाने भरल्या मांडवात अंगठी कुलपाशबाईंच्या दोन बोटांत घातली. ती सरसर आत गेली. फारच सहज गेली. शारबानबाईंनी मान उंच केली. केंजेबेकने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा कुलपाशबाईंनी मूठ घट्ट आवळलेली होती. त्यानंतर ती मूठ उघडली नाही. हात छातीशी धरून त्या ताठ बसल्या, आणि बायका आपापसांत म्हणाल्या की काय रुबाब आहे बाईचा, अंगठी घातली तर हात खाली टेकवत नाही. केंजेबेकने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. सुनेच्या तोंडावरचा पडदा दूर झाला की सासूने तिला दोन्ही हातांनी जवळ घ्यायचं असतं. तेव्हा मूठ उघडावी लागणार. चांदी खणकन खाली पडणार, सगळ्या मांडवादेखत, आइनाशच्या पायाशी. आणि मग जन्मभर ती त्या आवाजाची सून.

पडदा दूर झाला. आइनाश वाकली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. लोणी खाऊनही ती बारीकच राहिली होती. कुलपाशबाई तिच्यापुढे आल्या, थांबल्या, आणि डाव्या हाताने बाहीतून काहीतरी ओढून काढलं. तपकिरी, हातभर लांब. केंजेबेकने ते लांबूनच ओळखलं.

"धर," बाई सुनेला म्हणाल्या आणि मूठ तिच्यासमोर उघडली. "या वेढ्यांना खालून गुंडाळ. घट्ट बसव. माझ्या एका हाताने होत नाही."

आइनाश गोंधळली. तिने दोरा चांदीभोवती गुंडाळायला घेतला. मध्येच थांबली. "याला गाठी आहेत, आई. सोडू का?"

"नको सोडू," कुलपाशबाई म्हणाल्या. "तुझ्या बापाने मारल्यात त्या. भीत भीत मारल्यात, पण पक्क्या आहेत. त्यांच्यावरूनच गुंडाळ."

तिने गुंडाळलं. बाईंनी हात एकदा झटकून पाहिला. अंगठी हलली नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी आइनाशला जवळ ओढलं, आणि तिच्या खांद्यावरून थेट केंजेबेककडे पाहिलं.

"बारीकच आहे," त्या म्हणाल्या. "कझी आणा कुणीतरी."